कैरीच्या फोडीचा प्रसाद

(धडगाव, ता. अक्राणी येथील अखंड हरिनाम सप्ताहात वैशाखात झालेली पाचव्या रात्रीची कीर्तनसेवा. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतली. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

जय जय रामकृष्णहरी! जय जय रामकृष्णहरी!

भगवान पंढरीनाथाच्या कृपेने, कैवल्यसाम्राज्य चक्रवर्ती माउली ज्ञानोबारायांच्या आणि जगद्गुरू तुकोबारायांच्या आशीर्वादाने आज सप्ताहाची पाचवी रात्र. सातपुड्याच्या कुशीतलं हे तुमचं धडगाव. पहाटे काकडा, दिवसा पारायण, सांजेला हरिपाठ आणि आता कीर्तन. दिवसभर रानात राबून, डोक्यावर मोळी वाहून, दुकानाच्या फळ्या लावून तुम्ही इथे येऊन बसलात. मायबाप हो, बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याची सेवा मोठी. तुमच्या पायांना माझं दंडवत.

सेवेसाठी तुकोबारायांचा मनावरचा प्रसिद्ध अभंग घेतला आहे. टाळकरी मंडळींनी आत्ता तो इतका गोड म्हटला की मी पुन्हा उच्चारला तर त्याची चव उतरेल. आणि पाठ नाही असा माणूस या मंडपात नाही. म्हणून चरण पुन्हा न म्हणता सरळ अर्थाला हात घालतो.

काय सांगतात महाराज? माणसाला जे काही मिळवायचं आहे, मोक्ष म्हणा, सुख म्हणा, त्या सगळ्याचं मूळ एकच आहे. मन प्रसन्न पाहिजे. मूर्ती दगडाची, पण तिच्यात देव कोणी बसवला? मनाने. पूजा कोणी केली? मनाने. मनच गुरू, मनच चेला. स्वतःवर राजी झालं तर वर नेतं, रुसलं तर खाली. इथपर्यंत सगळ्यांच्या माना डोलल्या. बरोबर?

आता मी पूर्वपक्ष करतो. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली जी वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथे आमच्या गुरुजींनी एक खोड लावली. म्हणायचे, "अभंगाशी भांडल्याशिवाय अभंग हातात येत नाही रे." तर भांडू या. महाराज 'करा' म्हणतात. मन प्रसन्न असू द्या, असं म्हणत नाहीत, 'करा' म्हणतात. पण महाराज, ज्याचं मन पडलंय तोच ते कसं करणार? ज्याचा पाय मोडलाय त्याला म्हणायचं, ऊठ, पळ? ज्याची मोहरी उन्हाने करपली, ज्याचं पोर सुरतेला कामाला गेलं ते परत आलं नाही, जिच्या पोटचं गेलं, त्यांना आपण मंडपातून सांगायचं, 'प्रसन्न राहा'? हे सांगणं सोपं आहे महाराज. सांगणाऱ्याचं काय जातं?

हा पूर्वपक्ष खोटा नाही. घरोघरी हाच आहे. आणि याचं उत्तर तुकोबांनी बसल्या जागी दिलेलं नाही, स्वतःच्या आयुष्यातून दिलं आहे. सोळाशे तीसच्या सुमाराचा तो दुष्काळ. घरात वाण्याचं दुकान होतं, ते बसलं. गुरं गेली. पहिली बायको रखुमाबाई अन्नावाचून गेली. लेकरू संतोबा गेलं. ज्या माणसाने मन प्रसन्न करा म्हटलं, त्याचं मन काय सदा सणावारासारखं होतं का? नाही. तो माणूस उठून भामनाथाच्या, भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसला. गावात बसवेना म्हणून बसला.

पण बघा, डोंगरावर त्याला कोण भेटलं? झाडं भेटली, पाखरं भेटली. त्यांना तो सोयरे म्हणतो. आणि एक बाई भेटत होती. रोज भाकरी घेऊन डोंगर चढणारी जिजाई. लोक तिला कजाग म्हणतात. म्हणू द्या. आख्यायिका सांगते, तिच्या पायात काटा मोडला आणि पांडुरंगाने तो काढला. मला विचाराल तर देव तिथे उगाच नाही आला. जी बाई रागारागाने का होईना, दुःखी माणसासाठी गरम भाकरी घेऊन डोंगर चढते, तिच्या पायाशी देव बसणारच!

(येथे 'विठ्ठल विठ्ठल' गजर)

तर सिद्धांत काय? नीट ऐका. मन पडतं ते डोंगर कोसळावा तसं पडतं, एका दिवसात. पण उठतं ते तिळातिळाने. एक भाकरी. एक पाखरू. एक हाक. मोठ्या दुःखाला मोठाच उपाय लागतो, असं आपल्याला वाटतं. म्हणून आपण मोठ्या चमत्काराची वाट बघत बसतो आणि समोर आलेला तीळ उचलत नाही. महाराजांच्या 'करा'चा अर्थ एवढाच: तीळ आला की उचला.

आता याला प्रमाण. भगवद्गीता.

गीतेचा पहिला अध्याय कोणता? अर्जुनविषादयोग. विषाद म्हणजे मनाचं खचणं. व्यासांनी त्यालासुद्धा 'योग' म्हटलं आहे, हे विसरू नका. दोन्ही सैन्यांच्या मधोमध रथ उभा आहे. आणि अर्जुन काय सांगतो? हातपाय गळाले. तोंड कोरडं पडलं. अंगाला कंप सुटला. गांडीव हातातून निसटतंय. अंगाची आग होतेय, उभं राहवत नाही. डॉक्टरापुढे सांगावं तसं सगळं सांगितलं आहे. जगातला मोठा धनुर्धर रथात मटकन बसला.

देवाने आधी काय केलं? रागावून पाहिलं! होय. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत त्याला झापतात. हे काय दुबळेपण, तुला शोभतं का, ऊठ! आपण घरात करतो तसंच. 'काय तोंड पाडून बसलास, ऊठ, कामाला लाग.' मग अर्जुन उठला का? नाही उठला. उलट आणखी रडला आणि म्हणाला, मी लढणार नाही. आणि गप्प बसला.

मायबाप हो, रागावून देवाला जे जमलं नाही, ते तुम्हाआम्हाला जमेल का?

मग देवाने काय केलं? व्यास मोठे चतुर. एका शब्दात लिहून गेले. भगवंत हसले. मोठ्याने नाही. हसल्यासारखं केलं. किंचित. दोन्ही सैन्यांच्या मधे, हत्तीघोड्यांच्या आवाजात, मित्राच्या रडवेल्या तोंडाकडे बघून देव नुसता गालात हसला. आणि मग गीता सुरू झाली. अठरा अध्यायांची गीता नंतर, हसू आधी. ज्ञान नंतर, तीळ आधी! बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!

दुसरं प्रमाण आपल्या खानदेशाच्या मायचं. मुक्ताबाई. तिला आपली का म्हणायची? आळंदीची लेक, पण गुप्त झाली ती आपल्या तापीच्या काठी, मेहूणला. शके १२१९. आजही मुक्ताईनगरहून तिची पालखी आषाढीला निघते आणि महिनाभराहून अधिक चालते. तुमच्या जिल्ह्यात प्रकाशाला जी तापी बघता, तीच ती तापी. मुक्ताईच्या पायाचं पाणी तुमच्या दारावरून जातं.

एक दिवस ज्ञानदेव चिडून आले. कोणीतरी वाटेत अपमान केला. संन्याशाची पोरं म्हणून हिणवलं. ज्ञानोबा माउली, ज्यांनी पुढे जगासाठी पसायदान मागितलं, ते झोपडीत शिरले आणि ताटी लावून घेतली. ताटी म्हणजे काय, हे पुण्यामुंबईच्या श्रोत्यांना समजावून सांगावं लागतं, तुम्हाला नाही. तुमच्या पाड्यांवर अजून असते. कुडाच्या घराला बांबूचं, विणलेलं दार. त्याला कडी नाही, कुलूप नाही. धक्का दिला तर आत पडेल असं दार.

आणि बाहेर कोण उभी आहे? चार वर्षांनी धाकटी बहीण. तिला दार ढकलता आलं असतं. ढकललं नाही. हे लक्षात ठेवा! ताटी ढकलायची नसते. ती बाहेर उभी राहून बोलत राहिली. दादा, उघड. लोक पेटले तर आपण विझवायचं असतं. आपणच रुसलो तर कोणाकडे बघायचं? समजूत घातली, विनवलं, लाडाने बोलली. एकदा बोलून निघून गेली नाही. त्याच विनवणीला आपण 'ताटीचे अभंग' म्हणतो. आणि ताटी आतून उघडली. ज्याने लावली त्यानेच उघडली.

दुसऱ्या एका दिवशी उलटं झालं. मुक्ताईला मांडे करायचे होते. विसोबा चाटीने कुंभारांना दम भरला, या पोरीला खापर द्यायचं नाही. रिकाम्या हाताने, रडत घरी आली. तेव्हा ज्ञानदेवांनी आपली पाठ तापवली आणि म्हणाले, भाज मांडे. काय झालं बघा. एकदा तिने त्याला उठवलं, एकदा त्याने तिला. संताच्या घरातही पाळीपाळीने मन पडतं, मायबाप. फक्त तिथे एक पडलं की दुसरं उभं राहतं. आणि ते बघून तो विसोबा चाटीच शरण आला, विसोबा खेचर झाला, नामदेवरायांचा गुरू झाला.

(येथे 'मुक्ताई मुक्ताई' गजर)

आता तिसरं प्रमाण, तुमच्याच डोंगरातलं. अस्तंबा.

दिवाळीला, धनत्रयोदशीच्या वेळेला, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, तिन्हीकडचे हजारो भाविक अस्तंब्याला चढतात. १,३०० मीटरहून उंच शिखर. रात्रीची चढण, हातात उजेड. कोणासाठी? अश्वत्थाम्यासाठी. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात, डोक्याच्या जखमेला तेल मागत तो अजून या सातपुड्यात फिरतो. वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असंही सांगतात.

महाभारतात त्याला शाप काय मिळाला, ठाऊक आहे? झोपेत असलेली द्रौपदीची पाच पोरं मारली, गर्भावर अस्त्र सोडलं. मोठं पाप. भगवंतांनी त्याला मरणाची शिक्षा दिली नाही. सौप्तिक पर्वात आहे: तीन हजार वर्षं तू भटकशील, एकटा, सोबतीवाचून, आणि कोणाशी तुझं बोलणं होणार नाही. ऐकलंत? शापातला मोठा शाप कोणता? कोणी बोलणार नाही, हा!

आणि आपले लोक किती थोर! शास्त्राने सांगितलं, त्याच्याशी कोणी बोलणार नाही. या डोंगरातल्या माणसांनी काय केलं? वर्षातून एकदा त्याच्या दारी जायचं ठरवलं. पाप विसरले नाहीत, पण माणसाला एकटं सोडलं नाही. हे तुमचं कीर्तन माझ्या कीर्तनापेक्षा मोठं आहे.

आता विचार करा. ज्या गावातून अस्तंब्याला तेल जातं, त्या गावात शेजारच्या घरी आठ दिवस कोणाचं दार उघडलं नाही, हे कळू नये?

अभंगाचा शेवटचा चरण. महाराज तिथे सगळ्यांना हाका मारतात. साधकाला हाक मारली. वाचकाला मारली. पंडिताला मारली. श्रोत्याला मारली. आणि वक्त्यालाही मारली. वक्ता कोण? मी. चाळीस वर्षं हा चरण सांगताना मी श्रोत्यांकडे हात करायचो. 'ऐका हो श्रोते!' माझ्याकडे हात वळला तो चार वर्षांपूर्वी. ते आज सांगतो. आजवर कुठल्या मंडपात सांगितलं नाही. पण ते घडलं तुमच्या वाटेवर, म्हणून तुमचा हक्क आहे.

माझी कारभारीण गेली. छत्तीस वर्षांचा संसार. मी सप्ताहातून सप्ताहात फिरणारा माणूस, घर तिने ओढलं. कार्तिकात गेली. दहावं-तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि घरात मी आणि भिंती. दिवा लावायचा मी विसरायचो. तुळशीला पाणी घालायचं विसरायचो. लोक भेटायला यायचे, म्हणायचे, "महाराज, तुम्ही तर ज्ञानी. तुम्हाला आम्ही काय सांगायचं?" म्हणजे माझी ताटी बाहेरूनही लावली गेली! ज्ञानी माणसाला रडायची चोरी असते, मायबाप.

कीर्तनं चालूच होती. तारखा दिलेल्या होत्या. तोंडाने आनंद सांगायचो आणि आत कोरडी विहीर. टाळ वाजायचे, मला ऐकू यायचे, लागायचे नाहीत. जेवणाला चव नव्हती. रात्री दोनला जाग यायची ती काकड्यापर्यंत.

वैशाखात धडगावची तारीख होती. शहाद्याला येताना वाटेत तापीचा पूल लागतो. गाडी चहापाण्याला थांबली, मी पुलाकडे चालत गेलो. कठड्याशी उभा राहिलो. पाण्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलो. इतकंच सांगतो. समजायचं ते समजा. कोणीतरी मागून "बाबा, गाडी निघाली" म्हणून ओरडलं आणि मी वळलो. तो कोण होता, मला अजून माहीत नाही.

शहाद्याहून एसटी धरली. मनात ठरवलेलं होतं: धडगावची ही शेवटची सेवा, यानंतर फेटा खुंटीला. घाट चढताना गाडी तापली. ड्रायव्हरने कडेला घेतली, म्हणाला, अर्धा तास लागेल. सगळे उतरलो. ऊन मी म्हणत होतं.

रस्त्याच्या कडेला, खडकावर, कापडं अंथरून कैरीच्या फोडी वाळत घातल्या होत्या. आमचूर. तुम्हाला काय सांगायचं! तुमच्या धडगावचा आमचूर कुठे कुठे जातो. पण खाणाऱ्याला ठाऊक नसतं की त्यामागे काय आहे. कैरी उतरवायची, एकेक सोलायची, एकेक चिरायची, कडक उन्हात पसरायची, हलवायची. बोटं काळी पडतात, आंबटाने चरचरतात. आणि मधेच पाऊस आला तर फोड काळी पडते, भाव पडतो. चार महिन्यांचं मीठमिरची त्या कापडावर पसरलेलं असतं.

आणि आला की हो पाऊस! वैशाखातलं वळीव. डोंगरामागून काळा ढग आला, वारा सुटला, आणि एक म्हातारी पाड्यावरून धावत आली. पावरी माय. बरोबर एक नात, सातआठ वर्षांची. कापडं दहाबारा आणि हात चार. ती आमच्याकडे बघून ओरडली. पावरीत ओरडली. मला शब्द कळला नाही, अर्थ कळला.

कंडक्टर धावला. कॉलेजची दोन पोरं धावली. आणि बघतो तो मीही धावतोय! धोतर खोचलेलं, उपरणं गळ्यात, गुडघे दुखताहेत. फोडी गोळा करतोय, कापडाची टोकं बांधतोय. एक गाठोडं मी डोक्यावर घेतलं. जन्मभर डोक्यावर ज्ञानेश्वरी घेऊन दिंडीत चाललो, त्या दिवशी आमचूर घेऊन चाललो. तिच्या ओट्यावर शेवटचं गाठोडं टेकलं आणि सरी आली. सगळे तिच्या पडवीत दाटीवाटीने उभे. ओल्या मातीचा वास. कुडावर पावसाचा आवाज.

त्या मायने मुठीत फोडी घेतल्या आणि एकेकाच्या हातावर ठेवत आली. माझ्याही हातावर एक ठेवली. मी तोंडात टाकली.

मायबाप, काय आंबट! मस्तकात गेली. एक डोळा मिटला, तोंड वाकडं झालं. ते बघून ती नात खदखदून हसली. तिचं बघून म्हातारी हसली, तोंडात दात दोन. आणि मी हसलो. सहा महिन्यांनी हसलो. हसता हसता रडू आलं. पाऊस होता, कोणाला कळलं नाही. त्या मायला कळलं असावं. ती काही बोलली नाही. आणखी एक फोड दिली.

आणि तेव्हा मला गीतेचा पहिला अध्याय कळला! आळंदीला पाठ केला होता, चाळीस वर्षं सांगितला होता, कळला त्या पडवीत. अर्जुनाचं तोंड कोरडं पडलं होतं. माझंही पडलं होतं. त्या एका फोडीने तोंडाला पाणी सुटलं. आधी देवाचं हसू, मग गीता. आधी पोरीचं हसू, मग कीर्तन. त्या रात्री इथेच उभा राहिलो आणि फेटा काही खुंटीला गेला नाही. अजून तुमच्यापुढे उभा आहे.

(येथे 'जय जय विठोबा रखुमाई' गजर)

आता त्यातलं सार काढू. नाहीतर नुसती गोष्ट होईल.

पहिलं. त्या मायने माझी कीव केली नाही. तिने मला काम दिलं. दुःखी माणसाला आपण म्हणतो, 'तुम्ही बसा, तुम्ही काही करू नका.' चुकतं आपलं. बसवून ठेवलेलं मन गंजतं. त्याच्या हातात टाळ द्या, झाडू द्या, वाढायला पळी द्या. सप्ताहात पंगतीला वाढणारा माणूस कधी उदास बघितलात? पाठ दुखत असते, पण चेहरा बघा.

दुसरं. देव त्या दिवशी शब्दांनी आला नाही. वासाने आला, चवीने आला, हसण्याने आला. जनाबाईला तो कुठे भेटला? जात्यापाशी, दळताना. गोरोबांना चिखल तुडवताना. सावतोबांना मळ्यात, कांदालसणात. संतांनी आपल्याला हेच दाखवलं की देवाला सवड काढून भेटायला जावं लागत नाही. हातातल्या कामात तो खूण ठेवून जातो. पहाटे मोहाची फुलं वेचायला जाता, तो वास घेता ना? की नुसती टोपली भरता? गाय दावणीला हात चाटते, तेव्हा क्षणभर थांबता ना? पहिल्या गाडीचा हॉर्न, चहाच्या दुकानातली पहिली वाफ, लेकराने झोपेत धरलेलं बोट. हे सगळे तीळ आहेत. उचला. मनातल्या मनात म्हणा, 'पांडुरंगा, मिळालं.' झालं नामस्मरण.

तिसरं, आणि हे खरं सांगतो. दुःख गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उशाशी होतंच. कोणी तुम्हाला सांगेल, एका क्षणात सगळं दुःख पळालं, तर विश्वास ठेवू नका. ताटी उघडली म्हणजे घरातला अंधार पळत नाही; पण उजेडाची एक पट्टी आत येते. मी दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी विसरलो. चौथ्या दिवशी घातलं. असंच चाललं. वारी अशीच असते. एका पावलात पंढरी येत नाही, पण पाऊल टाकल्याशिवायही येत नाही.

म्हणून आमच्या वारकरी संप्रदायाने नेम लावून दिले. लोकांना वाटतं, हा पुण्याचा हिशेब. अहो, हा मनाचा उपचार आहे. पहाटे आंघोळ. तुळशीला पाणी. सांजेला चार माणसांत हरिपाठ. समोर येईल त्याच्या पाया पडायचं आणि त्याला उराशी धरायचं. वारीत सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या फुगड्या घालतात, पावली खेळतात. त्यांना काय दुःख नसतं? एकेकीच्या पदरात डोंगर आहे. पण फुगडी घालताना दोन हात कोणाच्या तरी हातात असतात. दुःखाला धरायला हात रिकामा राहत नाही!

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण मंडपात तरुण पोरं बसली आहेत. कधी कधी मन असं पडतं की तीळ उचलायचीही ताकद राहत नाही. पंधरा पंधरा दिवस झोप नाही, भूक नाही, आणि जगणं नको असा विचार येतो. तो विचार पाप म्हणून लपवू नका. मी पुलावर लपवला, ती माझी चूक होती. आधी माणसाला सांगा. घरच्याला, मित्राला, मास्तरांना, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला. आणि दवाखान्यात जा. ताप आला की डॉक्टरकडे जाता, तेव्हा विठोबा रागावतो का? मग मनाच्या आजाराला कसा रागावेल? सरकारने १४४१६ हा टेलिमानसचा नंबर दिला आहे. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात. लिहून घ्या. माळ गळ्यात आणि गोळी खिशात, दोन्ही एका अंगावर राहू शकतात. नाम सोडू नका आणि औषधही सोडू नका.

आणि जे आज बरे आहेत, त्यांनी मुक्ताई व्हायचं. उद्या काल्याचं आमंत्रण द्यायला घरोघरी जाल, तेव्हा ज्या घरची ताटी लागलेली आहे, त्या घरी आधी जा. ढकलू नका. 'काय रडत बसलास' म्हणून झापू नका. देवाला जमलं नाही ते. बाहेर उभे राहा. हाक मारा. नाही उघडलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा. मुक्ताई एकदा हाक मारून परत गेली नव्हती. आणि उघडलं की उपदेश करू नका. म्हणा, "चल, भाजी चिरायला माणूस कमी आहे."

ती माय कोणत्या पाड्यावरची होती, मला ठाऊक नाही. यंदाही येताना घाटात डोकं बाहेर काढून बघत होतो. खडकावर फोडी वाळत होत्या, माय दिसली नाही. पण मला वाटतं, आज इथे बसलेल्या कितीतरी जणी तीच आहेत. बोटं काळी झालेली दिसताहेत मला इथून! त्या बोटांनी दिलेला तो प्रसाद. पंढरीचा बुक्का, आळंदीची तुळस आणि धडगावची ती आंबट फोड, माझ्या देवघरात तिन्हींची जागा एकच आहे.

महाराज म्हणाले, मन प्रसन्न करा. आपण काय करायचं? तीळ आला की उचलायचा. आपल्याकडे तीळ असला की दुसऱ्याच्या हातावर ठेवायचा. बाकी पांडुरंग बघून घेईल.

वर बघा, ढग दिसतोय. अंगणात फोडी वाळत असतील त्यांनी पसायदान झालं की पटकन घरी जा. शेजारणीच्याही उचला.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय! मुक्ताबाई माते की जय!